चमच्याची मूठ

१२ जानेवारी

भाऊजी,

आधी खुशाली विचारावी आणि मग कामाचं लिहावं, एवढी रीत मला कळते. पण आज तेवढा दम नाही. म्हणून आधी काम.

विजेवरच्या हातातल्या ड्रिलचं लेथ करता येतं का? तुम्ही कारखान्यात लेथवरच उभे असता, तुम्हाला ठाऊक असेल. तुमच्या दादांचं लाकूड कातायचं लेथ आम्ही गेल्या वर्षी विकलं. सुताराचा हात थरथर कापायला लागल्यावर त्याने फिरत्या लाकडाजवळ जायचं तरी कसं? मागच्या खोलीत आता त्यांचं कामाचं टेबल, थोडी हत्यारं आणि ते जुनं ड्रिल एवढंच उरलंय.

कशाला हवंय ते सांगते. ह्यांचा हात नुसता मांडीवर असला की शांत असतो. काही उचललं की सुरू. चमचा तोंडापाशी पोहोचेपर्यंत त्यात काही राहत नाही. सदरे मी रोज धुते, त्याचं काही नाही. पण हे आता आमच्याबरोबर जेवायलाच बसत नाहीत. ताट घेऊन मागच्या खोलीत जातात आणि दार लावून घेतात. अर्धं तसंच परत येतं. सासूबाई त्या दाराकडे बघत बसतात, मग त्यांचंही जेवण राहतं. मी भरवायला गेले, तर म्हणाले, "मेलो की भरव."

डॉक्टर म्हणाले, चमच्याची मूठ जाड आणि जड असली तर थरथर कमी जाणवते. बाजारातून एक आणला. गुलाबी प्लास्टिकचा, मुठीवर ससा. तो खिडकीतून बाहेर गेला. म्हणून आता मीच लाकडाची मूठ करायची ठरवलीये. शिवणाच्या मशीनवर माझा अर्धा जन्म गेलाय, फिरत्या चाकाची मला भीती नाही. ह्यांना विचारायची सोय नाही. कळलं, की हाही बेत खिडकीतून जाईल.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं, घरात अजून कुणाला असं आहे का? हा कंप म्हणे घराण्यात उतरतो. मी सांगितलं, धाकटे दीर आहेत, त्यांचा हात तर ठणठणीत आहे. बरोबर ना?

तुमची वहिनी


२४ जानेवारी

वहिनी,

इथूनच पाया पडतो आणि इथूनच हातही जोडतो, की हे खूळ डोक्यातून काढा. शिवणाच्या मशीनवर फार तर सुई बोटात जाते. इथे लाकूड डोळ्यात जातं.

एवढं लिहून पत्र ठेवून दिलं होतं. मग वाटलं, तुम्ही काही ऐकायच्या नाहीत. तेव्हा चुकीचं करण्यापेक्षा नीट करा.

ड्रिल टेबलावर आडवं झोपवायचं. त्याच्या अंगाला बसेल असा लाकडाचा खोबणीदार ठोकळा करा, त्यात ते ठेवा आणि वरून क्लॅम्पने आवळा. हाताने हलवून बघा. ते जरा जरी हललं तरी पुढे जाऊ नका. ज्या लाकडाची मूठ करायची त्याच्या एका टोकात मधोमध बोल्ट पिळून घाला आणि बोल्टचं डोकं कापून तो दांडा ड्रिलच्या चकमध्ये, म्हणजे पातं धरतो त्या जबड्यात, आवळा. दुसऱ्या टोकाला आधार हवाच. समोर एक ठोकळा पक्का ठोकून त्यातून टोकदार बोल्ट आणा आणि ते टोक लाकडाच्या बरोबर मधोमध रुतवा. टोकाला मेण लावा, नाहीतर धूर निघेल. चौकोनी लाकूड तसंच फिरवू नका, कोपरे आधी रंध्याने मारून घ्या. लाकूड कातायची पटाशी टेकवायला आडवी पट्टी लागेल, ती लाकडाच्या अगदी जवळ आणि मध्याच्या रेषेत. ड्रिल बिचारं भोकं पाडायला जन्मलंय, बाजूने दाबलेलं त्याला सोसत नाही. म्हणून वेग कमी आणि हात हलका. शेवटी शेवटी तर नुसती कानस आणि पॉलिश पेपर. केस बांधा, बाह्या वर करा, हातमोजे घालू नका, चष्मा घाला.

डॉक्टरांना सांगितलंत ते ठीकच. माझ्या हाताचं काय, चाललंय. इथे कामाचा रेटा फार आहे. खोलीतला सोबती, ज्याला सगळे टकलू म्हणतात, तो रात्रपाळीला आणि मी दिवसा, त्यामुळे घरी बोलायलाही कुणी नसतं. आईला सांगा, जमलं की येतो.

तुमचा धाकटा दीर


१८ फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्ही लिहिलंत तसं सगळं उभं केलं. खोबणीचा ठोकळा करायलाच आठवडा गेला, कारण दुपारी हे पडले की तेवढाच वेळ मिळतो आणि त्यातच गिऱ्हाइकांचे ब्लाउजही असतात. ह्यांना सांगितलं, शिवणकामातल्या टोच्यांना मुठी बसवतेय. त्यांनी काही विचारलं नाही. हल्ली कशातच काही विचारत नाहीत.

पहिल्यांदा ड्रिल सुरू केलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरले. पण लाकूड फिरायला लागलं आणि त्याचे कोपरे दिसेनासे झाले, तेव्हा गंमत वाटली. पटाशी टेकवली की थाडथाड उडते. मुठीऐवजी कुणी तरी चघळलेलं लाकूड निघतं. परवा एक तुकडा सुटून उडाला, भिंतीला लागला. काही झालं नाही.

ड्रिल थोड्या वेळातच हाताला चटका बसेल इतकं तापतं. ते चालतं का? आणि एक, काम चालू असताना हे स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसतात. आवाज बदलला की त्यांचा खोकला ऐकू येतो.

फार दमलेय. बाकी सगळं ठीक.

वहिनी


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

हे मी स्वतः लिहितोय. अक्षर लागेल तसं वाच.

तुझ्या वहिनीने लाकडाचा तुकडा भिंतीला लागला असंच लिहिलं असणार. भिंत नव्हती, भुवई होती. टाके पडलेत. आवाज ऐकून आत गेलो तर ही जमिनीवर बसलेली आणि ड्रिल आपलं फिरतंय. बटण दाबायला गेलो, तर बोट बटणावर टिकेना. शेवटी वायर उपटली.

टोच्यांच्या मुठी वगैरे सगळं थोतांड होतं, ते मग बाहेर आलं. तुम्ही दोघं मिळून माझ्या पाठीमागे माझ्यासाठी चमचा करताय. तोही माझ्याच टेबलावर, आणि काम किती भिकार! टेकायची पट्टी मध्यापासून बोटभर खाली. बोल्ट तिरका. तू टर्नर आहेस की कोण आहेस?

तिला लिही, हे बंद कर म्हणावं. माझं ती ऐकत नाही.

दादा


५ मार्च

दादा,

पत्र छापलेलं बघून दचकू नकोस. टकलूने जुना कॉम्प्युटर घेतलाय. मी सांगतो, तो टाइप करतो. त्याचा सराव होतो आणि माझा वेळ वाचतो.

पट्टी मध्याच्या रेषेत ठेवा, असं मी लिहिलं होतं. पण मध्य कुठे असतो हे तिला दाखवणार कोण? पत्रातून बोट कसं दाखवू?

रागावू नकोस, पण विचारतो. तू भिंतीपलीकडे बसला होतास. लाकूड सैल फिरतंय हे तुला आवाजावरून कळलंच असणार. नवशिक्यालाही कळतं ते. मग उठला का नाहीस?

वहिनी थांबणार नाहीत. मी थांबा म्हटलं तर मला लिहायचं बंद करतील आणि तुला न विचारता करत राहतील. तेव्हा एक स्टूल घे आणि तिथे जाऊन बस. हात खिशात ठेव आणि तोंड चालव. तोंड तर कापत नाही ना तुझं?

वहिनींना सांग, ड्रिल तापलं की थांबायचं, गार झालं की पुन्हा. आणि भुवईचं मला खरं लिहायचं.

धाकटा


१० एप्रिल

भाऊजी,

भुवई बरी आहे. एक केस आडवा उगवतो, तेवढंच.

तुमचं पत्र ह्यांनी वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत गेले तर स्टूलवर बसलेले. दोन्ही हात काखेत. म्हणाले, "आधी तो बोल्ट काढ. तिरका आहे."

तेव्हापासून माझ्या जिवाला शांतता म्हणून नाही.

"दाबू नकोस! खरवडायचं नाही, टेकव. नुसती टेकव."

"अहो, टेकवतेच आहे."

"ही टेकवणं? ही कुस्ती आहे. पटाशीची पाठ आधी लागू दे, मग मागचं टोक हळूच उचल. लाकूड आपणहून येईल."

आणि आलं हो, भाऊजी! लांबच लांब, पातळ, रिबिनीसारखं. मी ओरडले. हे म्हणाले, "ओरडायला काय झालं? तसंच यायला पाहिजे."

पहिल्या दोन मुठी त्यांनी नापास केल्या. डोळे मिटून मुठीत धरायचे आणि सांगायचे, पोट, म्हणजे फुगवटा, पुढे सरकव, करंगळीला धरायला काही नाही. तिसरी मोडक्या खुर्चीच्या पायातून काढली. आतून भोक पाडून लोखंडी गजाचा तुकडा घातला, जड व्हावी म्हणून. पुढे स्टीलचा चमचा कापून चिकटवला. मी म्हटलं, झालं. देवाला हात जोडायचं तेवढं बाकी होतं.

जेवणाच्या टेबलावर ठेवला, तर हे आलेच नाहीत. परत ताट घेऊन मागच्या खोलीत. मग तिथूनच आवाज आला, "एकच जाड चमचा असेल तर मी बसणार नाही. सगळ्यांना तसलेच करा."

मला रडावं की हसावं कळेना. पाय इतके दुखत होते, की तिथेच बसले. पण केले. सासूबाईंना एक, मला एक. सासूबाई म्हणाल्या, "खलबत्त्यातला बत्ता तोंडात घातल्यासारखं वाटतंय." पण त्यांनी तोंड वाकडं केलं नाही, त्यानेच जेवल्या. आणि हे बसले. सांडतं अजून, खोटं कशाला सांगू. पण आता बरंचसं पोटात जातं. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

चौथा तुमच्यासाठी. तुम्ही आल्यावर टेबलावर तुमचाच वेगळा दिसायला नको, असं हे म्हणाले. तुमच्या येण्याचा काही भरवसा नाही, म्हणून पोस्टाने पाठवतेय. आणि हाताने लिहीत जा. छापील पत्र आलं, की वाटतं वीजवाल्यांनी काही कळवलंय.

वहिनी


२ मे

वहिनी,

चमचा मिळाला. मूठ उत्तम उतरलीय, सांधा कुठे दिसत नाही. माझ्या कारखान्यात असतात तर फोरमनने तुम्हाला कायम केलं असतं.

दादा टेबलावर जेवतो हे वाचून फार बरं वाटलं. यायचं मनात आहे, पण नवीन काम आलंय आणि लेथवर दुसरं कुणी नाही. पुढच्या महिन्यात बघतो. आईला सांगा, तब्येत छान आहे.

धाकटा

वहिनी, मी टकलू. वरचं त्याने सांगितलं तसं टाइप केलं. तो खाली पाणी आणायला गेलाय, तोवर हे माझ्या मनाचं. लेथवर दुसराच माणूस आहे. ह्याचा हात कापतो, वर्ष होत आलं. मापं चुकायला लागली, माल वाया गेला, तेव्हा फोरमनने त्याला उचलून कोठीत बसवलं, नट-बोल्ट काढून द्यायला. जेवायला तो सगळ्यांत बसत नाही, डबा खोलीवर आणतो. तुमचा चमचा आला त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून सगळा डबा संपवला. मी झोपल्याचं सोंग केलं. घरी येत नाही, कारण आईला दिसेल. मी सांगितलं हे कळलं, तर माझ्या डोक्यावरचे उरलेले चार केसही जातील. पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.


९ मे

भाऊजी,

टकलूंना काही बोलू नका. बोलायचंच तर मला बोला, कारण चूक माझ्या हातून झाली. हल्ली तुमची पत्रं मी जेवणानंतर सगळ्यांना वाचून दाखवते. तुमची सही झाली, खाली आणखी मजकूर दिसला, तोही वाचत गेले. काय वाचतेय हे कळेपर्यंत निम्मं वाचून झालं होतं. सासूबाई समोरच होत्या. म्हणाल्या, "थांबलीस का? वाच."

वाचून झाल्यावर बराच वेळ त्या चमचा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "पोरांच्या वडिलांचा कप मी कायम अर्धाच भरायचे. भरला की सांडायचा. ते कधी बोलले नाहीत आणि मी कधी विचारलं नाही. मला वाटलं, माणूस दमलाय." एवढंच. मग उठून झोपायला गेल्या.

आता माझं. तुमच्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहिते. मला आधी वाईट नाही वाटलं, राग आला. एकाचं करता करता माझी कंबर गेली. मनात म्हटलं, आता दुसऱ्याचं कोण करणार? त्या दिवशी भांडी जरा जास्तच आपटली. मग आठवलं, की तुम्ही तिकडे एकटे बसून मला हात हलका ठेवायला शिकवत होतात. राग गेला असं नाही. पण त्याच्यापुढे जाऊन लिहितेय.

या. कोठीतून सुट्टी मिळते, लेथवरचं निमित्त आता चालणार नाही. डॉक्टरांकडे नंबर लावून ठेवते. तुमच्या दादांनी खाली काही लिहिलंय, त्यांना अर्धा तास लागला.

वहिनी

ये. दुसरं स्टूल काढून ठेवलंय. दादा


३० मे

वहिनी,

हे हाताने लिहितोय. ओळी कुठच्या कुठे चालल्यात, पण तुम्ही दादाचं वाचता, तर माझंही लागेल.

टकलूशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच चहा आणून समोर ठेवला. कप अर्धा भरलेला. तुमचं पत्र त्याने वाचलेलं नाही, तरी अर्धाच. तेव्हा हसू आलं.

मला वाटायचं, दादाचं ऐकून ऐकून माझ्या मनाचा खेळ झालाय. मग वाटायला लागलं, कुणाला दिसलं नाही तर ते नाहीच. मग एकेक शाफ्ट वाया जायला लागला. लेथवरून उतरलो त्या दिवशी तुमचं पहिलं पत्र खिशात होतं. बोल्ट कसा आवळायचा ते थांबून थांबून, एकेक अक्षर सांभाळत लिहून काढताना वाटलं, निदान एवढं तरी माझ्या हातून होतंय.

पुढच्या शनिवारी पोहोचतो.

धाकटा


२० जुलै

भाऊजी,

तुमचं पत्र आलं. डॉक्टरांनी तुम्हाला दिलेल्या गोळीने हात थोडा निवलाय, हे वाचून सासूबाईंनी पत्र माझ्या हातून घेऊन स्वतः एकदा वाचलं. तुमच्या दादांना तीच गोळी काही मानवली नाही, नुसती झोप येत होती, म्हणून डॉक्टरांनी दुसरी दिलीये. तिचा अजून पत्ता नाही. फोरमनला तुम्ही स्वतः जाऊन सांगितलंत, हे फार चांगलं केलंत. लेथ परत मिळणार नाही हे वाचून ह्यांनी पत्राकडे पाठ केली. पण तयार माल तपासायला बसवलंय म्हटल्यावर म्हणाले, "डोळा तर आहे ना त्याचा. तेवढं पुरे."

तुम्ही होतात ते दिवस घरात जत्रा होती. दोन स्टुलांवर दोन मास्तर आणि मधे मी एकटी. एक म्हणणार पट्टी वर घे, दुसरा म्हणणार खाली. मी ड्रिल बंद करून म्हटलं होतं, आधी तुमचं ठरवा, मी भाजी चिरून येते. आठवतं? तुम्ही दोघांनी मिळून त्या दिवशी भांडी घासली आणि निम्मी फोडली. मी दुपारभर झोपले. कित्येक महिन्यांत अशी झोपले नव्हते. सासूबाई अजून सांगतात, "एवढे कप फुटले, पण हिला जाग आली नाही."

तुम्ही गेल्यावर घर जरा ओकंबोकं झालं. मग आपलं नेहमीचं सुरू. ह्यांच्या ओळखीतल्या एका म्हाताऱ्यांनी आमच्या टेबलावरचे चमचे बघून स्वतःसाठी एक मागितलाय. त्यांच्या बोटांना सांधेदुखी आहे, मूठ वेगळी लागेल. हे त्यांचा हात धरून, बोटं मोजून, माप घेऊन आले. ह्यांचा हात हलतो, त्यांची बोटं सरळ होत नाहीत. माप काय निघालं असेल देव जाणे. करेन. पण घाई करणार नाही, असं सांगून टाकलंय.

काल दुपारी ब्लाउज संपवले. हे पडले होते. मी मागच्या खोलीत गेले, एक चांगला गुळगुळीत तुकडा लावला आणि ड्रिल सुरू केलं. पटाशी टेकवली. रिबिनी निघायला लागल्या. मागून ह्यांचा आवाज आला, "कुणाची मूठ?"

मी म्हटलं, "कुणाची नाही."

"मग?"

"मग काही नाही. बसायचं तर बसा."

बसले. मी करत राहिले. त्याची मूठ झाली, मग पेन्सिल झाली, मग काडी झाली, आणि शेवटी मधूनच कट्कन तुटली. इतक्या वेळात त्यांनी एक चूक काढली नाही. मी बटण बंद केलं. पायाभोवती ढीग पडला होता, अजून कोमट. आम्ही दोघं तसेच बसलो होतो. मग ते म्हणाले, "झाडू कुठंय?"

मी म्हटलं, "असू दे. उद्या बघू."

वहिनी